नकाशांचा निवाडा

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव या स्थानकांवर रात्रीच्या गाडीत बसलेला वऱ्हाडी उतारू सकाळी मुंबईस बोरीबंदरावर पायउतार होतो. वळकटी सावरीत तो बाहेर रस्त्यावर येतो तेव्हा त्याच्या पाठीशी एक प्रचंड इमारत असते आणि तिरपी समोर दुसरी. पाठीमागची इमारत स्थानकाची. तिचे काम १८७८ साली सुरू झाले आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या १८८७ साली तिला राणीचे नाव मिळाले. समोरची इमारत मुंबईच्या महानगरपालिकेची; ती पुरी झाली १८९३ साली. दोहोंचा कर्ता एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. दोन्ही इमारती इतक्या एका रक्ताच्या दिसतात की त्या एकमेकींकडे पाहण्यासाठीच जन्मास आल्या असाव्यात असे नवख्याला वाटते.

वस्तुस्थिती तशी नाही. समोरच्या त्रिकोणी जागेवर अगदी निराळी इमारत उभी राहू शकली असती. तिचा नकाशा काढून तयार होता. काढणारा साधासुधा मनुष्य नव्हता. रॉबर्ट फेलोज चिझम हे नाव मद्रासेत आणि बडोद्यात आदराने घेतले जात होते. दोन नकाशे समोर आले, एक निवडला गेला, दुसरा गुंडाळून ठेवण्यात आला. मुंबईच्या नागरी इतिहासातील तो एक मोठा निवाडा होय. त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, कारण जिंकलेला नकाशा दगडाचा होतो आणि हरलेला नकाशा कागदच राहतो.

वऱ्हाडी उताऱ्याचा या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो रुपयांचा आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस इंग्लंडास पोहोचेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या लाटेवर मुंबई तरली आणि लाट ओसरताच अनेक पेढ्या बुडाल्याही. परंतु बांधकामाचा जो उत्साह तिने पेटविला तो विझला नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि राजाबाई मनोऱ्यासाठी लागलेले द्रव्य प्रेमचंद रायचंदांचे, म्हणजे कापसाच्याच सट्ट्याचे. वऱ्हाड हा तर कापसाचा प्रांत. खामगावच्या बाजाराचे महत्त्व एवढे की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकण्यात आला. काळ्या रानातले बोंड गठ्ठ्यात बांधले जाई, गठ्ठा आगगाडीत चढे आणि मुंबईच्या बंदरात त्याची मोहोर होई. मुंबईने आपले रूप कसे असावे हे ठरविले तेव्हा त्या खर्चाचा एक वाटेकरी खामगावचा शेतकरीही होता. त्याचे मत अर्थात कोणी विचारले नाही.

नकाशे मागवून त्यांत निवड करावी ही रीतच मुळी त्याला अपरिचित होती. त्याच्या जिल्ह्यात थोर वास्तूंची वाण नव्हती. लोणारला दैत्यसूदनाचे देवालय आहे; त्याची भिंत सरळ न जाता कोनाकोनांनी आत-बाहेर वळते आणि प्रत्येक वळणावर मूर्ती उभ्या आहेत. मेहकरला जुनी दगडी धर्मशाळा आहे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आणि १६२९ मध्ये दौलताबादेस मारल्या गेलेल्या त्या सरदाराची भव्य समाधी आहे. या इमारतींचे नकाशे कोणी कोणाविरुद्ध मांडले नव्हते. धनी आणि कारागीर समोरासमोर बसत. घराणे, पूर्वीचे काम आणि बापाचे नाव पाहून काम सोपविले जाई. आणि कारागिराची परीक्षा इमारत उभी राहिल्यावर होई, आधी नव्हे. दैत्यसूदनाच्या स्थपतीचे नाव आज कोणाच्या ओठांवर नाही. नव्या रीतीत नेमके याच्या उलट घडते. परीक्षा आधी, इमारत मागाहून; आणि परीक्षेच्या वेळी नाव मुद्दाम झाकून ठेवायचे.

ही नवी रीत विलायतेहून आली. अशा निवडी युरोपात पुष्कळ जुन्या, पण इंग्रजी अमलाखालील जगाला तिचा धडा घालून दिला तो लंडनच्या पार्लमेंटाने. १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री तेथील जुना राजवाडा जळाला. पुढील वर्षी सर्वांस खुली स्पर्धा लागली. इमारत गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन वळणाचीच हवी, अशी अट होती. म्हणजे शैलीचा निवाडा नकाशे येण्यापूर्वीच झालेला होता. सत्त्याण्णव नकाशे आले. त्यांवर नावे नव्हती. प्रत्येकाने एखादी खूण किंवा बोधवाक्य लिहावयाचे आणि खरे नाव मोहोरबंद लखोट्यात द्यावयाचे. चौसष्टावा नकाशा जिंकला, त्यावर किल्ल्याच्या लोखंडी जाळीदार दरवाजाचे चित्र होते, आणि लखोट्यातून चार्ल्स बॅरीचे नाव निघाले. परीक्षक कोण होते? स्थपती नव्हते. कलेची आवड असलेले सरदार-गृहस्थ होते. त्यावरून हरलेल्या मंडळींनी वर्तमानपत्रांतून जो गिल्ला केला तो जवळजवळ प्रत्येक स्पर्धेनंतर आजतागायत ऐकू येतो. बॅरीने सहा वर्षे आणि सव्वासात लक्ष पौंड सांगितले होते. लागली सुमारे तीस वर्षे आणि वीस लक्षांहून अधिक पौंड.

या एका उदाहरणात पुढच्या सर्व स्पर्धांचे गुणदोष दिसतात. अट कोण लिहितो, परीक्षक कोण असतो, आणि कागदावरच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हे तीन प्रश्न त्यात आले. चौथा प्रश्न लंडनच्याच दुसऱ्या स्पर्धेने घातला. १८५७ साली परराष्ट्र कचेरीसाठी नकाशे मागविले गेले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा क्रमांक तिसरा आला. तरीही सरकार पालटताच काम त्याला मिळाले, आणि पुन्हा सरकार पालटताच पामर्स्टनसाहेबांनी फर्मावले की गॉथिक चालणार नाही, इटालियन हवे. स्कॉटने शेवटी इटालियन नकाशा काढला! परीक्षकांचा निवाडा आणि धन्याची लहर यांत शेवटी कोण वरचढ ठरतो, याचे उत्तर त्याने कृतीने दिले. हाच स्कॉट मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आणि ग्रंथालयाचा कर्ता. त्याने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही. नकाशे बोटीने आले आणि इमारती १८७८ पर्यंत मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. इंग्लंडात मंत्र्याने नाकारलेले गॉथिक त्याला मुंबईत मनसोक्त करता आले.

तोवर गॉथिक ही मुंबईची सवय झाली होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडविला आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, तारघर अशी टोकदार कमानींची रांगच लागली. मद्रासेत वारे निराळे वाहत होते. तेथे १८६४ साली प्रेसिडेन्सी कॉलेज आणि विद्यापीठाचे सिनेट हाऊस यांसाठी स्पर्धा झाली आणि ती तरुण चिझमने जिंकली. म्हणजे स्पर्धेनेच त्याचे दैव उघडले होते. पुढे मद्रासेत राहून त्याने देशी इमारती बारकाईने पाहिल्या आणि घुमट, छत्र्या, सज्जे, जाळ्या यांचा पाश्चात्त्य मांडणीशी संयोग करण्याचा मार्ग धरला. इंग्रजीत या मिश्र वळणाला ‘इंडो-सारासेनिक’ असे अवजड नाव पडले. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा बांधीत असता मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारला. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा कर्ता तोच. बडोद्याचे अपुरे काम सयाजीराव महाराजांच्या दरबारी चिझमच्या हाती आले आणि १८९० च्या सुमारास पुरे झाले. बडोदा कॉलेजवर त्याने चढविलेला प्रचंड घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. हा घुमट ध्यानात ठेवावयास हवा. पुढे त्याची गाठ पुन्हा पडते.

मुंबईच्या पालिका-भवनाची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. दिवस आणि माणूस दोन्ही अर्थपूर्ण होते. १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव याच व्हाइसरॉयचा. त्याची कारकीर्द संपली होती आणि चारच दिवसांनी लॉर्ड डफरिन सूत्रे घेणार होते. मुंबईच्या पालिकेत १८७२ च्या कायद्याने करदात्यांनी निवडून दिलेले सभासद येऊ लागले होते. फिरोजशहा मेहतांसारखी माणसे तेथे बोलत होती. हिंदुस्थानात लोकांनी निवडलेल्या मंडळींना स्वतःचे घर बांधावयाचे होते. असे प्रसंग तोवर थोडे आले होते. राजवाड्याला राजाची आवड पुरते, कचेरीला सरकारचा हुकूम पुरतो. पण नागरिकांच्या घराने कोणासारखे दिसावे?

चिझमचे उत्तर देशी वळणाचे होते, स्टीव्हन्सचे गॉथिक. पालिकेने स्टीव्हन्स पसंत केला.

या निवडीची निंदा करणे आज फार सोपे आहे. परक्यांचे अनुकरण, गुलामगिरीची खूण, असे दोन शब्द लिहिले की झाले. पण परीक्षकाच्या जागी बसून पाहिले म्हणजे प्रकरण इतके सरळ राहत नाही. जागा अडचणीची होती. दोन मोठे रस्ते एकत्र मिळतात तेथे पाचरीसारखी निमुळती होत गेलेली ती जमीन; पाचरीचे टोक स्थानकाकडे. अशा जागी चौकोनी, चारी बाजूंनी सारखी, मध्यभागी घुमट असलेली रचना बसविणे कठीण. स्टीव्हन्सने पाचरीचे टोक हेच इमारतीचे तोंड केले, तेथे उंच मनोरा चढविला आणि दोन बाजू दोन रस्त्यांना धरून मागे नेल्या. समोरच स्वतः बांधलेले स्थानक असल्यामुळे ही जागा सकाळी कशी दिसते, पावसाळ्यात कोठून झोडपते, गर्दी कोणीकडून येते, हे त्याला जेवढे ठाऊक होते तेवढे दुसऱ्या कोणाला असणे शक्य नव्हते. खर्चाचीही बाजू होती. काम अकरा-साडेअकरा लक्ष रुपयांत, मंजूर रकमेच्या आत पुरे झाले. बॅरीचे पार्लमेंट आठवले म्हणजे ही गोष्ट केवढी दुर्मिळ ते कळते. त्यात एका हिंदी माणसाचा वाटा होता: स्थानकाच्या कामात स्टीव्हन्सला सहाय्य करणारे रावसाहेब सीताराम खंडेराव यांचीच देखरेख येथेही होती. नकाशांच्या इतिहासात अशी नावे तळटिपेत जातात. इमारती मात्र अशांच्याच पायांवर उभ्या असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्टीव्हन्सचे गॉथिक शुद्ध नाही. पालिका-भवनाच्या मनोऱ्यावर आणि कोपऱ्यांवर जे कंदाकृती घुमट बसले आहेत ते व्हेनिसमध्ये सापडावयाचे नाहीत. म्हणजे हरलेल्या पक्षाचे काही शब्द जिंकलेल्याने आपल्या भाषणात घेतले होते. दर्शनी भागी उभ्या पंखधारी स्त्रीमूर्तीखाली लॅटिनमध्ये कोरले गेले की हे हिंदुस्थानातील पहिले नगर आहे. रस्त्याने जाणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णवांना ती अक्षरे तेव्हाही वाचता येत नव्हती आणि आजही येत नाहीत. घर नागरिकांचे आणि पाटी लॅटिनची! पालिकेचा निवाडा जागेच्या दृष्टीने बरोबर होता असे मानावे लागते. पण नागरिकांच्या घराने कोणासारखे दिसावे, या प्रश्नाला त्याने बगल दिली.

तो प्रश्न पंचवीस वर्षांनी परत आला, आणि या वेळी उत्तर उलट मिळाले.

१९०५ साली मुंबईतील प्रमुख नागरिकांनी युवराजाच्या भेटीचे स्मारक म्हणून वस्तुसंग्रहालय उभारण्याचे ठरविले आणि ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्याच हस्ते कोनशिला बसविली. बंगालची फाळणी अमलात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. १९०७ मध्ये सरकारने अर्धचंद्राच्या आकाराची जागा दिली आणि १९०९ मध्ये खुली स्पर्धा होऊन जॉर्ज विटेटचा नकाशा निवडण्यात आला. मधल्या १९०८ सालच्या जुलैत टिळकांना उच्च न्यायालयाच्या त्याच गॉथिक इमारतीत सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली होती आणि मुंबईचा गिरणीकामगार सहा दिवस संपावर गेला होता. या घटनांचा आणि नकाशाच्या निवडीचा प्रत्यक्ष धागा जोडणे धाडसाचे होईल. परंतु १८८४ सालची मुंबई १९०९ मध्ये उरली नव्हती एवढे खरे. विलायती टोकदार कमानी आणखी वाढवाव्यात असे आता राज्यकर्त्यांनाही वाटेनासे झाले होते.

विटेट स्कॉटलंडचा, १९०४ मध्ये मुंबईस आला आणि सरकारी स्थपती जॉन बेग याच्या हाताखाली राहिला. बेगने मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीवर विजापुरी घुमट चढविला, तो त्याने पाहिला. संग्रहालयासाठी त्याने कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळट दगड घेतला. गुजराती आणि विजापुरी वळणाच्या कमानी, सज्जे, जाळ्या आणि छत्र्या यांची मांडणी करून मध्यभागी जो घुमट उभारला त्याचा आदर्श पुन्हा गोलघुमटच. चिझमने बडोद्यात उचललेला आदर्श मुंबईत दुसऱ्याच्या हातून बक्षीसपात्र ठरला! चिझम तेव्हा हयात होता. तो १९१५ मध्ये वारला. पालिकेचा आणि संग्रहालयाचा निवाडा करणारी माणसे एक नव्हती, पण शहर एकच होते. एका पिढीने जे नाकारले ते दुसरीने उचलून धरले, आणि दोन्ही निवाडे आजही एकमेकांपासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर उभे आहेत.

इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण महायुद्ध पेटल्यामुळे तिच्यात लष्करी रुग्णालय आले. संग्रहालय म्हणून ती खुली झाली १० जानेवारी १९२२ रोजी. परीक्षकांनी नकाशा पाहिला तेव्हा त्यात मूर्ती, चित्रे, नाणी मांडलेली कल्पिली असणार. पहिली वस्ती जखमी शिपायांची झाली.

मग संग्रहालयाचा निवाडा पालिकेपेक्षा अधिक न्याय्य होता काय? शैलीपुरता होय म्हणता येईल. तरीही एक गोष्ट खटकते. ‘हिंदी’ वळण म्हणून जे मान्य झाले ते विजापूर, अहमदाबाद आणि राजपुताना येथील. महाराष्ट्राचा स्वतःचा दगड, जो लोणारला, मेहकरला, अंबरनाथला आणि सिन्नरला उभा आहे, तो कोणाच्याच नकाशात आला नाही. ज्याला लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात त्या बांधणीत पोकळी कमी, भार फार. एकावर एक पुढे सरकविलेल्या दगडांनी छत मिटते, कमान नसते. त्या रीतीने मोठे दालन झाकता येत नाही, हे खरे. संग्रहालयाला मोठे दालन हवे, तेव्हा घुमट आला. मात्र नाकारण्यापूर्वी कोणी तिचा विचार केला होता, असे नकाशांवरून दिसत नाही. सिंदखेडच्या आणि नाशिकच्या वाड्यांची गत थोडी बरी म्हणायची. संग्रहालयाच्या मध्य दालनात नाशिकच्या एका वाड्याचे लाकडी कमानींचे नक्षीकाम आणून बसविलेले आहे. विजापुरी घुमटाखाली मराठी सुताराचे ते काम बक्षिसासाठी केलेले नव्हते, आणि कोणा परीक्षकाने त्याला गुण दिलेले नव्हते. पाहणारे लोक मात्र तेथे थबकतात.

विटेटने आणखी एक काम केले. त्याचे मोल त्याच्या इमारतींहून कमी नाही. १९१७ साली वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत स्थपतींचा एक लहानसा संघ काढला आणि विटेट त्याचा पहिला अध्यक्ष झाला. हाच संघ वाढत जाऊन १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाला. म्हणजे नकाशांचा निवाडा करू शकतील अशी शिकलेली हिंदी माणसे प्रथमच एकत्र बसू लागली. कलेची आवड असलेल्या सरदार-गृहस्थांनी स्थपतींची परीक्षा घ्यावयाची, हा लंडनचा जुना प्रकार येथे पुढे कायद्याच्या वळणानेही थांबला. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेच्या नियमांत परीक्षकांपैकी बहुसंख्य स्थपतीच असावेत, असे ठरले.

स्थपतींनीच परीक्षा घेतली म्हणजे निवाडा निर्दोष होतो, असे मात्र नव्हे. १९२७ साली जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाच्या भवनासाठी ३७७ नकाशे आले. परीक्षक नामांकित स्थपती होते. त्यांचे एकमत होईना. शेवटी एका पहिल्या बक्षिसाऐवजी त्यांनी नऊ पहिली, नऊ दुसरी आणि नऊ तिसरी बक्षिसे वाटली! ल कॉर्बुझियेचा नकाशा तर बाजूस सारला गेला, कारण तो मूळ शाईने काढलेला नसून छापील प्रत होती. ज्या शाईला इंग्रज हिंदी शाई म्हणतात आणि फ्रेंच चिनी शाई म्हणतात, तिच्यावाचून त्या शतकातील एक मोठा स्थपती अपात्र ठरला. याच्या उलट १९५७ मध्ये सिडनीला चौघा परीक्षकांनी योर्न उट्झोन या डेन स्थपतीचा नकाशा निवडला तेव्हा तो नीट पुराही केलेला नव्हता. शिडांसारखी ती छपरे बांधायची कशी हे निवडणाऱ्यांनाही माहीत नव्हते आणि काढणाऱ्यालाही. सत्तर लक्ष डॉलरांचा अंदाज दहा कोटींच्या वर गेला, उट्झोन १९६६ मध्ये वाद होऊन काम सोडून गेला, १९७३ च्या उद्घाटनास तो हजर नव्हता. इमारत जगाला भूषण झाली. नियमाला चिकटून जिनीव्हाच्या परीक्षकांनी काही मिळविले नाही, आणि नियमांकडे काणाडोळा करून सिडनीच्या परीक्षकांनी एक अजरामर वास्तू मिळविली; परंतु पुढच्या परीक्षकाने यातून कोणता नियम काढावा?

स्वतंत्र भारतात ही कसोटी सर्वांत कडक लागली ती दिल्लीस. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी १९८६ मध्ये जागतिक स्पर्धा झाली. जागा राजपथाजवळची, लुट्येन्सच्या आखणीतील. दोनशेच्या घरात नकाशे आले. परीक्षकांत दोघे असे होते की महाराष्ट्राने ज्यांच्याबद्दल अभिमान बाळगावा: कोकणातील आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे. शाळेत आणि नंतर हार्वर्डमध्ये ग्रोपियसपाशी शिकलेले अच्युत कानविंदे, आणि पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी. दोघांनीही उभे आयुष्य याच प्रश्नात घालविले होते की नव्या काँक्रीटला या देशाचे ऊन, वारा आणि चाल कशी शिकवावी. त्यांच्यापुढे नावे नव्हती, क्रमांक होते. निवाडा झाला, आणि पहिला आला अमेरिकेतील प्रिन्स्टनचा राल्फ लर्नर. दुसरे बक्षीस दिल्लीच्या गौतम भाटियांचे.

ओरड झाली, ती साहजिक होती. भारताच्या कलांचे राष्ट्रीय घर, त्याच्या परीक्षकांत भारतीयही, आणि नकाशा परदेशी माणसाचा! पण पालिकेच्या वेळची स्थिती आणि ही स्थिती यांत मोठा फरक आहे. पालिकेच्या वेळी शैली पाहून निवड झाली होती आणि शैली म्हणजे सत्तेची बाजू होती. १९८६ मध्ये लर्नर कोण, कोठला, हे परीक्षकांना कळू नये अशीच व्यवस्था होती. नाव झाकून परीक्षा घ्यावयाची म्हटल्यावर निकालानंतर गाव विचारता येत नाही. कानविंदे आणि दोशी यांनी नाव पाहून निवड केली असती तर देशाभिमान्यांचे समाधान झाले असते, पण स्पर्धेच्या रीतीचा पायाच ढासळला असता. त्यांच्या आवडीशी कोणी मतभेद दाखवू शकेल. लर्नरच्या नकाशात लुट्येन्सची छाया अधिक पडली, असे म्हणणारे होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मात्र शंका घेण्यास जागा नाही.

वाद घालणाऱ्यांवर काळाने निराळाच विनोद केला. त्या विस्तीर्ण नकाशातील पुष्कळ इमारती कधी बांधल्याच गेल्या नाहीत. ग्रंथालयाचा भाग उभा राहिला, बाकीचा आराखडा कागदावर राहिला. येथे जिंकलेला नकाशाही जवळजवळ हरलेल्यासारखाच झाला.

त्याच राजपथाच्या दुसऱ्या टोकाशी, इंडिया गेटजवळ, राष्ट्रीय युद्धस्मारकासाठी २०१६-१७ मध्ये पुन्हा जागतिक स्पर्धा लागली. चारशेहून अधिक नकाशे आले आणि चेन्नईचे योगेश चंद्रहासन यांचा निवडला गेला. त्यांनी उंच काही बांधले नाही. महाभारतातील चक्रव्यूहाची कल्पना घेऊन एकात एक अशी वर्तुळे आखली आणि सर्व काही जमिनीच्या पातळीशी, काही तर तिच्याही खाली ठेवले. कारण मागे इंडिया गेटची कमान होती आणि तिच्याशी उंचीची बरोबरी करण्यात अर्थ नव्हता. त्या वर्तुळांतील भिंतींच्या दगडांवर पडलेल्या सैनिकांची नावे कोरली आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते स्मारक खुले झाले, आणि त्यात वऱ्हाडातून आलेला मनुष्य गॉथिक की विजापुरी असा प्रश्न न विचारता आधी आपल्या गावचे नाव शोधतो.